फळीच्या जाडीएवढी चूक

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पायरी आहे, आणि पायऱ्यांतही सगळ्यात खालची. माझ्या वर तिघी बहिणी होत्या आणि त्यांच्या वर घराचा व्हरांडा. बाहेरून येणाऱ्याचा चिखल आधी माझ्या अंगाला लागायचा, उरलासुरला वर जायचा. ज्याने त्याने यावं आणि माझ्यावर पाय देऊन जावं! त्यामुळे माझी जीभ जरा तिखट झाली आहे, तेवढं सांभाळून घ्या. पण मी रडगाणं गायला बसले आहे असं मात्र समजू नका. मला आभार मानायचे आहेत, आणि ते कुणाचे व कशासाठी, हे कळायला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.

मी कुठल्या झाडाची, हे विचारू नका. झाड असतानाचं मला काही आठवत नाही. आठवतं ते थेट लाकडाच्या वखारीपासूनचं. तिथे मी भिंतीला टेकून उभी होते. जाड, सरळ, आणि एका कडेला एक गाठ. गिऱ्हाइकं यायची, बोटाने टकटक करायची, गाठ बघून नाक मुरडायची आणि शेजारची फळी उचलून न्यायची. मला मेलीला कुणी विचारेना. शेवटी एक किडकिडीत माणूस आला. त्याने खिशातून भिंग काढलं, डोळ्यात बसवलं आणि माझी गाठ इतक्या जवळून बघितली की मला लाजल्यासारखं झालं. ‘ही चालेल,’ तो म्हणाला. ‘गाठ पक्की आहे, निघायची नाही.’ वखारवाला गालातल्या गालात हसला. फळी भिंगातून बघणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नसेल.

तो माणूस घड्याळं दुरुस्त करायचा. गल्लीत त्याला घड्याळकाका म्हणायचे आणि पुढे घरात बाबा म्हणू लागले, म्हणून मीही बाबाच म्हणते. त्यांचं घर तेव्हा नुकतंच बांधून झालं होतं. व्हरांडा जमिनीपासून चांगला कमरेएवढा उंच होता आणि चढायला काय, तर विटांची रास आणि तिच्यावर एक उलटं ठेवलेलं खोकं. आई, म्हणजे बाबांची बायको, तेव्हा गरोदर होती. एक दिवस ते खोकं तिच्या पायाखाली डगमगलं, तशी ती खालीच उभी राहिली.

‘अहो, मी काही आता उड्या मारत घरात येणार नाही. पायऱ्या करा, नाहीतर मी ही चालले माहेरी.’

‘करतो की. आत्ता करतो.’

‘सुतार बोलवा म्हणजे झालं.’

‘सुतार कशाला? मी सेकंदकाटे बसवतो रोज. मला चार फळ्या बसवता येणार नाहीत?’

मदतीला आईचा धाकटा भाऊ आला. तो बस चालवायचा. मामाने रजा काढली आणि आल्या आल्या बाह्या सरसावून विचारलं, ‘भाऊजी, हातोडा कुठाय?’ पण हातोड्याची पाळी यायला फार वेळ लागला. बाबा आधी माप घेत होते. व्हरांड्याची उंची मोजली, पुन्हा मोजली, भिंग लावून पट्टीवरची रेघ तपासली. त्या उंचीचे सारखे भाग पाडले. मग दोन्ही बाजूंच्या तिरक्या फळ्यांवर, आमच्या बुडाखाली येणाऱ्या खाचा आखल्या आणि मामाने त्या करवतीने कापल्या. कुठे केसाएवढाही फरक नाही. मामा घाम पुसत म्हणाला, ‘भाऊजी, यात आता टिकटिक तेवढी भरायची राहिली.’ मग त्या खाचांवर आम्हा चौघींना ठेवून खिळे ठोकले.

आणि तिथेच सगळा घोळ झाला. खाच अगदी बरोबर होती, पण खाचेवर जी फळी बसते तिला स्वतःची जाडी असते, हे काही त्या दोन शहाण्यांच्या ध्यानात आलं नाही. मी माझ्या खाचेवर बसले आणि जमिनीपासून माझ्या जाडीएवढी जास्त उंच झाले. मधल्या बहिणींचं काही बिघडलं नाही, कारण सगळ्याच सारख्या वर सरकल्या होत्या. पण सगळ्यात वरची जाऊन व्हरांड्याला तेवढीच जवळ चिकटली. म्हणजे चढताना पहिलं पाऊल जास्त उचलायचं आणि शेवटचं कमी. सुतार लोक म्हणे तिरक्या फळ्यांची खालची कड तेवढी आधीच कापून टाकतात. हे बाबांना कोण सांगणार?

पहिला मान आईचा होता. ती कपडे वाळत घालून रिकामी बादली घेऊन आली. माझ्यावर चढताना ‘अगबाई, केवढी उंच!’ म्हणाली. शेवटचं पाऊल तिने इतर पायऱ्यांएवढंच उचललं, पण व्हरांडा आधीच आला आणि पाय धप्पकन आपटला. बादली हातातून सुटली आणि गडगडत थेट घरात गेली. मामा तिला धरायला धावला. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. आई व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिली आणि मग तिला जे हसू फुटलं, ते काही आवरेना. हसत हसतच ती जपून खाली आली, माझ्यावर बसली आणि पोटाला हात लावून हसत राहिली. ‘म्हणे सेकंदकाटे बसवतो!’ एवढंच तिच्या तोंडून निघत होतं.

बाबांना ते फार लागलं. ते खिळे उपटायला पक्कड घेऊन आले. आई माझ्यावरून उठेचना.

‘हात लावू नका. पहिल्यांदा काहीतरी चुकलंय तुमचं. मला ते रोज बघू दे. आणि पायांचं काय, पाय शिकतात.’

पाय खरंच शिकले. थोड्याच दिवसांत घरातल्या कुणाला पायऱ्या चुकीच्या आहेत याची आठवणही राहिली नाही. वरचं पाऊल आखूड, मधली सारखी, शेवटचं लांब, हे त्यांच्या गुडघ्यांना आपोआप कळायचं. फजिती व्हायची ती पाहुण्यांची. पाहुणा निघाला की आतून सगळे एका सुरात ओरडायचे, ‘खालची पायरी सांभाळा हं!’ तो बिचारा तिकडे लक्ष देता देता वरच अडखळायचा. पोस्टमनने तर वर यायचंच सोडून दिलं होतं, तो खालूनच हाक मारायचा. विमा विकणारा एक चिवट माणूस होता. तो आला की व्हरांड्यात धप्प आवाज यायचा आणि आई स्वयंपाकघरातूनच सांगायची, ‘ते घरी नाहीत!’ बाबा तेव्हा तिच्या शेजारीच लसूण सोलत बसलेले असायचे.

आईने मला काय काय दिलं ते सांगते. दर वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी ती जवसाचं तेल कोमट करायची आणि जुन्या मऊ कापडाच्या बोळ्याने आम्हा चौघींना चोळायची. वरून चोळून झालं की पदर खोचायची, जमिनीवर आडवी व्हायची आणि खालून चोळायची. ‘वरून काय, कुणीही पुसेल. लाकूड कुजतं ते खालून,’ असं म्हणायची. सगळ्यात जास्त तेल ती मला पाजायची, कारण सगळ्यात जास्त ओल माझ्याच नशिबी होती. वरच्या बहिणी त्यावरून कुरकुरायच्या. कुरकुरू देत. मला तिचा हात अजून आठवतो, आणि तो आठवला की भरून येतं.

मुलगा झाला. तो माझ्यावर हात टेकून उभा राहायला शिकला, माझ्यावर बसून अभ्यास केला, माझ्यावर बसून रुसला. मोठा होऊन तो हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात ब्रदर म्हणून कामाला लागला. स्वभावाने काळजीखोर होताच, त्या वॉर्डाने आणखी झाला. केळीचं साल दिसलं की हा लगेच उचलणार, फरशी ओली दिसली की पुसणार. लग्न करून त्याने बायको आणली ती कपडे शिवणारी. घरात पहिल्यांदा येताना ती पायऱ्यांवर अडखळली नाही. ती खाली थांबली, गळ्यातल्या मेजरटेपवर हात ठेवून तिने आम्हाला नीट न्याहाळलं आणि बाबांना म्हणाली, ‘माया धरायला विसरलात वाटतं?’ शिवताना कापड शिलाईत जातं, त्यासाठी जे जास्तीचं सोडतात त्याला माया म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. बाबा इतके खूश झाले! इतक्या वर्षांत त्यांची चूक नेमकी कुठे झाली हे ओळखणारं कुणीतरी भेटलं होतं. सुनेचं मशीन व्हरांड्यातच ठेवलं गेलं आणि मला दिवसभर त्याची खडखड सोबतीला मिळाली.

मग आई गेली. त्या दिवशी माझ्यावरून सगळ्या गल्लीचे पाय गेले. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो, आणि पायरीला ते कुणाला सांगताही येत नाही. पुढच्या पावसाआधी तेल लावायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. एकदा मुलाने हौसेने तपकिरी ऑइलपेंट आणला आणि आम्हाला वरून छान चकचकीत रंगवलं. येणारेजाणारे म्हणाले, ‘वा, नव्यासारख्या दिसतायत!’ दिसत होत्याच. पण खालून मधल्या बहिणींना ओल आणि वाळवी दोन्ही लागल्या होत्या आणि रंगाने ते सगळं झाकून टाकलं. यात मी मुलाला बोल लावत नाही. त्याने प्रेमानेच केलं होतं.

त्याच वर्षांत बाबांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी बारीक स्क्रू दिसेनासे झाले, मग काटे, मग माणसांचे चेहरे. दुकान त्यांनी विकून टाकलं. शेवटी उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. घरात त्यांना सगळं हातात मिळत होतं. सून ताटात कुठे काय वाढलंय ते सांगायची, मुलगा दाढी करून द्यायचा. ते सगळं बाबा मुकाट्याने करून घ्यायचे. पण एक गोष्ट ते कुणाचा हात न धरता करत. ऊन उतरलं की काठी घेऊन उठत, ‘येतो गं जाऊन,’ असं सुनेला सांगत आणि आमच्यावरून उतरून गल्लीच्या कोपऱ्यावर न्हाव्याच्या दुकानात जात. भिंतीला काठी लावत गेलं की वाट सरळच होती. न्हावी त्यांचा जुना दोस्त. तिथे बाबांची खुर्ची ठरलेली होती. बाबा दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायचे, न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर फेस फासता फासता गल्लीभरच्या बातम्या सांगायचा, आणि मग दोघे मिळून सगळ्या जगाला यथेच्छ नावं ठेवायचे. परत येताना बाबांची चालच वेगळी असायची. सगळं गेलं तरी हे एक जाणं-येणं त्यांचं स्वतःचं होतं. त्या सगळ्या काळात त्यांचा पाय आमच्यावर एकदाही चुकला नाही.

एका सकाळी मुलगा कामावर निघाला होता. डबा विसरला म्हणून घाईने परत वर आला, पुन्हा उतरू लागला, आणि माझ्या वरच्या बहिणीतून त्याचा पाय आरपार गेला. कडकन आवाज झाला. नशीब बलवत्तर म्हणून नुसतं खरचटलं. पण तो तिथेच बसून राहिला.

‘माझ्या जागी बाबा असते तर?’ तो बायकोला म्हणाला. ‘संध्याकाळी बाबाच असणार होते.’

बाबा आतून म्हणाले, ‘एकच फळी बदल की रे. सगळ्या कशाला?’

‘बाबा, मी रोज मोडलेली माणसं बघतो. तुम्हाला त्या खाटेवर बघायची माझी तयारी नाही.’

बाबांनी ‘बरं’ म्हटलं.

सुतार आला. चांगला कामसू, पण तोंडाळ माणूस. टेप लावून त्याने आमची उंची मोजली आणि कपाळाला हात लावला. ‘कुणी हो केलं हे? खालची पार आभाळात आणि वरची नुसती नावाला! कुठला सुतार होता?’

‘मीच,’ बाबा खुर्चीतून म्हणाले.

सुताराने जीभ चावली. मग सावरून म्हणाला, ‘टिकल्यात मात्र झकास हो!’

आम्हाला खिळ्यांतून सोडवून व्हरांड्याच्या कडेला भिंतीशी रचलं. मधल्या दोघींचा आतून पार भुसा झाला होता. वरची वाकली होती. माझी एक कड गेली होती, पण बाकीचं अंग टणक होतं. सुताराने मला हातोडीने ठोकून बघितलं आणि म्हणाला, ‘कमाल आहे. खरं तर हीच आधी कुजायला हवी होती.’ त्याला काय ठाऊक मी कुणाच्या हातचं तेल प्यायले होते!

नव्या पायऱ्या झाल्या. खोटं कशाला बोलू, देखण्या झाल्या. सगळ्या तंतोतंत सारख्या, कडा गोल केलेल्या, एका बाजूला धरायला गुळगुळीत कठडा. मुलाने सुट्टी काढून सगळं काम उभं राहून करून घेतलं होतं. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. ‘चला बाबा, उद्घाटन करा!’

बाबांनी कठडा धरला आणि पाऊल टाकलं. त्यांच्या पायाला ठाऊक असलेलं ते आखूड पाऊल तिथे नव्हतं. पायरी खोल गेली होती. बाबा पुढे झुकले, तोल गेला, आणि मुलाने त्यांना कमरेला मिठी घालून धरलं म्हणून बरं. खाली शेवटी उलटंच झालं. त्यांनी लांब पाऊल टाकलं आणि जमीन आधीच आली, गुडघ्यात कळ उठली.

‘होईल सवय,’ मुलगा म्हणाला.

‘होईल की. छान झाल्यात रे. कठडा तर फारच छान,’ बाबा म्हणाले आणि कठड्यावरून हात फिरवत राहिले.

पण दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं तरी बाबा उठले नाहीत. म्हणाले, जरा गुडघा धरलाय. मग म्हणाले, आज वारा फार आहे. मग कारणही सांगेनासे झाले. न्हावी एकदा स्वतः येऊन विचारून गेला. ‘तुमच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाही मी. गिऱ्हाइकं उभी राहतात हो! कधी येताय?’ बाबा म्हणाले, ‘येतो उद्या.’ मग एकदा मुलाने त्यांना हात धरून नेलं. ‘हं, आता उजवा. शाब्बास. आता डावा,’ असं वॉर्डात रुग्णांशी बोलतात तसं तो बोलत होता. बिचाऱ्याच्या जिभेला सवयच ती. बाबा गेले, परत आले, आणि त्यानंतर पुन्हा कधी चला म्हटलं की ‘आज राहू दे’ म्हणायचे. त्यांनी जेवण कमी केलं. बोलणंही कमी केलं. भिंतीशी पडल्या पडल्या मी हे सगळं बघत होते आणि जिवाची नुसती तगमग होत होती.

एका दुपारी घरात सामसूम होती. मशीन बंद होतं, सून कापलेले तुकडे जुळवत खाली बसली होती, म्हणून बाबांना वाटलं व्हरांड्यात कुणी नाही. ते काठी घेऊन कडेपर्यंत आले. एक पाऊल खाली सोडलं, पायाने चाचपलं, तिथे काही लागेना तसं मागे घेतलं. पुन्हा सोडलं, पुन्हा घेतलं. मग तिथेच कडेवर बसले. सून उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

‘बाबा, नाही ना जमत?’

‘जमेल. घाई काय आहे?’

‘खरं सांगा.’

बाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. ‘पोरानं एवढ्या हौसेनं केलंय. त्याला काय सांगू, तुझ्या पायऱ्या बरोबर आहेत म्हणून मला उतरता येत नाही? डोळे गेले, त्याचं मी काही बोललो नाही. पण पाय तरी माझे होते गं.’

आणि मित्रांनो, बाबा रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सुनेने त्यांचा हात हातात घेतला आणि ती काही म्हणजे काही बोलली नाही. मला तेव्हापासून ती पोरगी फार आवडते.

संध्याकाळी तिने नवऱ्याला व्हरांड्यात गाठलं. ‘पायऱ्या बदलायच्या आहेत. पहिल्यासारख्या चुकीच्या हव्यात.’

‘वेड लागलंय का तुला? मुद्दाम चुकीच्या? लोक पडतील.’

‘लोकांना डोळे आहेत. आणि आपण ओरडून सांगतोच की. बाबांना त्या पायऱ्या पायांनी पाठ आहेत. या वयात नवीन पाठ करायच्या म्हणजे किती वेळा पडायचं त्यांनी?’

‘अगं, पण मी त्यांच्यासाठीच केलं ना सगळं?’

‘हो रे. म्हणून तर ते तुला बोलले नाहीत.’

तो कठड्याला टेकून उभा राहिला. त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला. लहानपणी रुसून माझ्यावर बसायचा तेव्हाही असाच व्हायचा. मग म्हणाला, ‘सुताराला काय सांगायचं पण?’

सुताराच्या अंगाचा तिळपापड झाला. ‘वाकडं काम? माझ्या हातून? उद्या कुणी धडपडलं आणि विचारलं, की या पायऱ्या कुणी केल्या, तर नाव माझंच सांगणार ना तुम्ही?’

सून म्हणाली, ‘एक खांदा खाली असलेलं गिऱ्हाईक येतं माझ्याकडे. त्याचा सदरा मी दोन्ही खांद्यांना सारखा शिवला तर तो अंगावर लोंबतो. त्याच्या खांद्याप्रमाणे शिवते, तर नीट बसतो.’

‘ते कापड आहे, वहिनी. हे लाकूड.’

‘वापरणारं माणूसच ना पण?’

सुतार डोकं खाजवू लागला. ‘तसं नाही हो. सगळ्या उपटायच्या, पुन्हा खाचा पाडायच्या. चांगल्या कामाची माती करायची. हात धजत नाही माझा.’

तेवढ्यात दारातून काठीचा आवाज आला. बाबा सगळं ऐकत उभे होते.

‘एकही उपटू नका,’ ते म्हणाले. ‘माझी चूक किती होती ते मला पक्कं ठाऊक आहे. एका फळीच्या जाडीएवढी. जुनी खालची फळी आहे ना अजून? तिचे दोन तुकडे करा आणि नव्या पायऱ्यांच्या दोन्ही तिरक्या फळ्यांखाली घाला. सगळ्या मिळून तेवढ्याच वर उचलल्या जातील. खालची उंच होईल, वरची आखूड. झालं.’

सुताराने बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग तो मोठ्याने हसला. ‘म्हणजे माझं काम सरळच्या सरळ राहिलं की!’

‘तुमचं सरळच राहू द्या. चूक माझी आहे, ती माझ्याकडेच असू दे.’

दुसऱ्याच दिवशी काम झालं. सुताराने माझी कुजकी कड कापून काढली. करवत फिरली तेव्हा दुखलं, नाही कशाला म्हणू? पण मला कापताना तो हळूच म्हणाला, ‘चल म्हातारे, अजून नोकरी आहे तुला,’ आणि मी सगळं सोसलं. जमिनीत सपाट दगड बसवले, मला डांबराचा हात दिला आणि दगडांवर ठेवलं. वरचे बोल्ट सैल करून मुलाने आणि सुताराने नव्या पायऱ्या खांद्याने उचलल्या आणि माझ्यावर टेकवल्या. कठडा त्यांच्यासकट वर आला. वरचे बोल्ट पुन्हा आवळले. मग मुलगा पोटावर आडवा झाला आणि जवसाच्या तेलाचा बोळा घेऊन त्याने सगळ्या पायऱ्या खालून चोळून काढल्या. केसांत माती, नाकाला तेल. सून म्हणाली, ‘वरून लावायचं राहिलं.’ तो म्हणाला, ‘वरचं नंतर.’

ऊन उतरलं. बाबा काठी घेऊन आले. मुलगा त्यांच्या मागे दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. सुनेने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प राहायची खूण केली. बाबांनी पाऊल खाली सोडलं. आखूड. पायरी हवी तिथे होती. ते क्षणभर थांबले, आणि मग कठड्यावरचा हात त्यांनी काढून घेतला. मधल्या पायऱ्या सरळ उतरले. शेवटचं लांब पाऊल टाकलं आणि जमिनीवर उभे राहिले. सगळं वजन माझ्या अंगावरून गेलं, म्हणून मला हे पक्कं ठाऊक आहे, की ते वजन कुठेही डगमगलं नाही.

बाबा घराकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, ‘अरे, येतो रे जाऊन!’

मुलगा त्यांच्यापासून दोन-तीन हात अंतरावर, वरच्या पायरीवर उभा होता. तो चवड्यांवर चालत, आवाज न करता मागे सरकला, दारातून आत गेला आणि आतल्या खोलीतून ओरडला, ‘हो बाबा! मी आत आहे!’

आता मी कुणाला दिसत नाही. माझ्यावर कुणाचा पाय पडत नाही, मला कुणी रंग देत नाही, आणि पाहुणे माझ्या चुकीमुळे अडखळले की शिव्या खायला वरच्या नव्या पोरी आहेत. पण घरात येणारं-जाणारं प्रत्येक माणूस मला कळतं. मी फार सुखात आहे. गाठ बघून मला नाकारलं नाही म्हणून बाबांचे आभार. खालून तेल चोळलं म्हणून आईचे. आपलं बरोबर काम माझ्यासारख्या चुकीच्या फळीवर ठेवायला तयार झाला म्हणून मुलाचे आणि त्या तोंडाळ सुताराचेही. आणि शेजारी येऊन गप्प बसली म्हणून सुनेचे.

मित्रांनो, तुमच्याकडे मी एवढंच मागते. घरातल्या जुन्या वस्तू वरून पुसता तशा कधीतरी वाकून खालूनही बघा. आणि आपल्या माणसासाठी काही नवं, चांगलं करायला निघालात, तर आधी त्याला विचारा, तू रोज कसा चालतोस? तुमची हौस मोडायला नको, अशा विचाराने तो तुम्हाला खरं सांगणार नाही. म्हणून त्याच्या शेजारी जरा वेळ बसून विचारा.

बाबांची काठी भिंतीला लागत येते आहे. न्हाव्याकडून निघाले वाटतं. चढताना पहिलं पाऊल जास्त उचलायचं असतं, ते त्यांना कुणी सांगावं लागत नाही.